मॅडमनी तीनदा विचारलं

३ फेब्रु.
काल मोजून पाहिलं. नऊ लिटर पाणी. खराडीच्या ऑफिसात मीटिंग सोडून चारदा उठलो. घरी बायको, मुग्धा, म्हणाली, "शुगर असणार. चल तपासायला."

५ फेब्रु.
शुगर नॉर्मल. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. किडनीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कुठली गोळी चालू आहे?" नाही म्हणालो. "झोपेची, आयुर्वेदिक, काहीच?" नाही. मु.नेच भर घातली, "डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही हो हा."
चौदा वर्षं लिथियम घेतोय. अकोल्याला कॉलेजात असताना डोकं फिरलं होतं, तेव्हापासून. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आता बरा आहेस ना, मग सांगायचं कशाला?" मला तेच हवं होतं. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

१२ फेब्रु.
अॅडमिट. पाणी बंद ठेवून टेस्ट. दर तासाला वजन, लघवी मोजायची. मॅडमनी सकाळी परत विचारलं. परत नाही.
अकरापर्यंत जीभ टाळ्याला चिकटली. बाथरूममध्ये गेलो, बेसिनच्या नळाला तोंड लावून घटाघटा प्यायलो. चौतीस वर्षांचा घोडा. शर्ट भिजला, तो रुमालाने पुसला.
सिस्टर : "अहो, वजन वाढलं कसं तुमचं?"
मॅडम आल्या. मु.ला चहाला पाठवलं. मी नळाचं सांगितलं, मग लिथियमचं. ओरडल्या असत्या तर बरं. "तीनदा विचारलं मी. भलत्याच आजारामागे लागलो असतो आपण." लिथियममुळे किडनी पाणी धरत नाहीये. गोळी मनाने बंद करायची नाही, मानसोपचारवाल्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.
"बायकोला मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

१३ फेब्रु.
डिस्चार्ज. पार्किंगमध्ये मु.ने स्कूटर काढली. "निघालं काय शेवटी?"
"गोळीमुळे झालंय."
"कुठल्या?"
सगळं सांगितलं. तिने स्कूटर परत स्टँडला लावली.
"लग्नाआधीपासून?"
"हो."
"आईंना माहीत होतं?"
"हो."
"वा. म्हणजे मीच तेवढी बाहेरची."
घरापर्यंत मागे बसून आलो. हात कुठे ठेवावेत कळेना.

१७ फेब्रु.
मु. परवापासून सदाशिव पेठेत, माहेरी. लिथियम हळूहळू कमी करून दुसरी गोळी सुरू होणार. किडनीचं महिन्याने कळेल.
संध्याकाळी तिचा फोन. "आज किती प्यायलास?"
"आठ लिटर."
"बरं."
पुढे बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. काहीतरी विचारणार होती. मीच घाईने "ठेवतो" म्हणालो. का म्हणालो?