लिंबाने फिका पडलेला चहा

आये, तुझे गुडघे आता कसे आहेत? तिकडे जिने नसावेत, नाहीतर तुझी कुरकुर इथवर ऐकू आली असती. बाबांचा खोकला थांबला का? आत्याला नीट दिसायला लागलं, की अजून मिठाच्या जागी साखर घालते? इथे आम्ही बरे आहोत. मला रक्तदाब आहे, गोळी घेतो. तुझ्या सूनबाईची पाठ धरते. माझी नात नेरूळच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकते. ती ठणठणीत आहे, फक्त वेळेवर जेवत नाही.

तिच्यामुळेच लिहायला बसलो. तिच्या प्रोजेक्टचा विषय काय, तर कोऱ्या चहाचा रंग. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे, सातवीनंतर मिठागर आणि मग बंदराचं यार्ड. पण जुईनगरच्या या घरात तिची पुस्तकं उघडी पडलेली असतात आणि मला रिकामं बसवत नाही. चहाच्या हिरव्या पानात पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं असतात. पान चुरगाळलं की त्यांना हवा लागते आणि ती काळवंडतात, चिरून ठेवलेल्या वांग्यासारखी. त्यातून एक सोनेरी रंग तयार होतो, एक तपकिरी. कॉलेजात पालकांना बोलावलं होतं तेव्हा तिने नळीत चहा घेतला, त्यात नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास येणारा द्रव घातला आणि हलवलं. सोनेरी वर चढला, तपकिरी खाली राहिला. साठी उलटली माझी, रोज चहा पितो, पण एका ग्लासात दोघे नांदतात याचा पत्ता नव्हता. मग मी विचारलं, लिंबाचं काय?

ती सकाळ तू विसरली नसशील. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरची तुझी टपरी. दूध यायच्या आधी ट्रकवाले कोरा चहा घेतात, लिंबू पिळून. बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, पलीकडे नवी टपरी टाकून बसलेत. ते येतात, सगळ्यांसमोर ग्लासात अख्खं लिंबू पिळतात आणि चहा बघता बघता फिका पडतो. "वयनी, पक्का रंग लिंबानं जातो का कदी?" म्हणजे पत्तीत रंग मिसळलाय, असा आळ. तू भजी सोडतेयस. मागे न वळता म्हणतेस, "पानी हाय नि पत्ती हाय. दुसरा काय नाय." पण ट्रकवाल्यांनी ग्लास खाली ठेवले आणि ते गेले ते गेलेच. टपरी बंद पडली, आणि तू पुन्हा कधी चहाला तोंड लावलं नाहीस.

नातीने आधी ओल्या टिपकागदावर आमच्या घरातली पत्ती भुरभुरली. वरून रंग लावलेला असता तर लगेच डाग फुटले असते, म्हणाली. नाही फुटले. मग त्याच पत्तीच्या चहात लिंबू पिळलं, तर तो फिका पडला, अगदी त्या सकाळसारखा. तो तपकिरी रंगच तसा, आंबट लागलं की मिटतो. मग तिने चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि चहा होता त्याहून काळा झाला. मी बघतच राहिलो. आये, सोडा तर भज्यांच्या पिठासाठी तुझ्या हाताशीच होता गं.

माझी आई खरी ठरली, असं मी म्हणालो तर पोरगी हसली नाही. "आबा, काकांचा पुरावा खोटा ठरला. पत्ती चोख होती हे नाही ठरत. ती पत्ती आता आणायची कुठून?" तुझ्यावर गेलीय, तोंडावर बोलते. वर म्हणाली, त्या तपकिरी रंगाची पुरती ओळख अजून शास्त्रज्ञांनाही पटलेली नाही.

तेव्हा आता तूच सांग. सुटी पत्ती कुठून आणायचीस? कधी भिजवून पाहिली होतीस का? काका तिकडे भेटत असतील तर त्यांनाही विचार, त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की स्वतःची टपरी चालत नव्हती? राग नाही उरला, कुतूहल मात्र जात नाही. हे पत्र टाकायचं कुठे ते माहीत नाही, म्हणून उशीखाली ठेवतोय. आणि एक कबूल करतो. पत्तीत रंग होता असं तू लिहिलंस, तरी मी ते वाचून घडी घालीन आणि नातीला सांगेन, तुझ्या पणजीचा चहा चोख होता. तेव्हा बिनधास्त लिही, आणि लवकर लिही.