डाव्या डोळ्याचा मधोमध फोटो

३ फेब्रुवारी, हॅलिफॅक्स.
तिरळेपणाच्या ऑपरेशनची पट्टी सुटली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझा डावा डोळा नाकाकडे बघायचा थांबला. कॉन्व्हेंटच्या प्रत्येक ग्रुप फोटोत सिस्टर ॲग्नेस मला कडेला उभं करायच्या, अर्धी वळवून. मायेनेच. संकल्प: मरण्याआधी एका फोटोत तरी मधोमध.

१० फेब्रुवारी.
ऑपरेशननंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पापुद्र्यांची सूज कशी उतरते, ते डॉ. हलाबी मशीनवर फोटो काढून बघतात. अभ्यास चालू आहे त्यांचा. मी लगेच नाव दिलं. हनुवटी टेकवायची आणि बाजूच्या हिरव्या दिव्याकडे बघायचं. म्हणजे तिरकं! जन्माचा सराव आहे. फोटो काढणारी लॉर्ना म्हणाली, सुरेख. मी तिच्याकडे बघून थँक यू म्हणाले. तिने पुन्हा काढला.

२४ फेब्रुवारी.
फोटो परत हलला. मशीन जुनं असावं. लॉर्ना म्हणाली, अहो टेरेसाबाई, दिव्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय? बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यावं, हे सिस्टर ॲग्नेसचं शिक्षण. मग हिने बोलू नये. तसं तिला स्पष्ट सांगितलं. अर्थात, डोळ्यांत बघून.

१७ मार्च.
आज लॉर्ना अवाक्षर बोलली नाही. आदर्श बैठक. मग ती शिंकली. गॉड ब्लेस यू म्हणणं भाग होतं. भिंतीकडे बघून का म्हणायचं?

२ एप्रिल.
घरी सराव. मी फ्रिजवरच्या चुंबकाकडे बघायचं, यवेटने मोठ्याने पेपर वाचायचा. उत्तम जमलं. फक्त चहा घेणार का विचारलं तेव्हा नाही. यवेट म्हणाली, ताई, जन्मभर सरळ बघायला धडपडलीस, आता तिरकं बघायला शिकवणी लावू का? धाकट्या बहिणींना अभ्यासाचं गांभीर्य नसतं.

२१ एप्रिल.
ठरलं! हॉस्पिटलच्या पोस्टरवर माझ्या डोळ्याचा फोटो लावू का, असं डॉ. हलाबींनी विचारलं. मधोमध. मोठा. यवेट म्हणाली, इतक्या जणांत तुझाच का गं? मत्सर. शाळेतल्या मैत्रिणींना, जेराल्डीन आणि ओडीलला, फोन केले. पोस्टर बघायला सगळ्या जाणार; मी काकवीच्या कुकीज करून नेणार.

९ मे.
पोस्टर बघितलं. फोटो खरंच मधोमध आहे. विरघळलेल्या आइस्क्रीमसारखा. खाली छापलंय: रुग्णाची नजर हलल्याने निरुपयोगी ठरलेल्या फोटोचा नमुना.

जेराल्डीन म्हणाली, मोठा आहे हं पण. ओडीलने दुसरी कुकी घेतली.

यवेटने, कधी नव्हे ते न चिडवता, मला फोटोसाठी दोघींच्या मध्ये उभं केलं. म्हणाली, ताई, इकडे बघ, फक्त इकडे. तेवढ्यात बाजूने लॉर्नाने हाक मारली, टेरेसाबाई, कुकीज फार छान झाल्यात हो!

फोटो चांगला आलाय. जेराल्डीन आणि ओडील समोर बघतायत. माझेही दोन्ही डोळे अगदी एका रेषेत आहेत. लॉर्नाकडे.