ॲश्लीची धर्मआई

दहिसर,
शुक्रवार दुपार

प्रिय नेव्हिल,

सकाळपासून चार वेळा चहा टाकला आणि चारही वेळा उतू घालवला. आत्या म्हणाली, सुई टोचायचं काम तुझं, मग तुलाच टोचल्यासारखी घरभर का फिरतेस? तिला काय सांगू? सोमवारी तू नंदुरबारकडच्या मिशन हॉस्पिटलच्या करारावर सही करणार, पाच वर्षांसाठी, हे मला काल वॉर्डमध्ये शर्मिष्ठाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. आणि का सांगावंस? आठ महिन्यांपूर्वी कँटीनमध्ये तू लग्नाचं विचारलंस, तेव्हा ‘जमणार नाही, कारण विचारू नकोस’ म्हणून मी भरलेला डबा टेबलावर टाकून पळाले होते. पण तू खरंच कारण विचारलं नाहीस रे. इतका आज्ञाधारक कधीपासून झालास? एका रिपोर्टसाठी लॅबवाल्यांचं डोकं खाणारा माणूस तू.

म्हणून आज न विचारता सांगते. फोनवर माझा आवाज फुटणार नाही आणि मेसेज पाठवून निळ्या खुणांकडे बघत बसायची माझ्यात ताकद नाही.

तुला ॲश्लीचा पहिला दिवस आठवतो ना? आठशे ग्रॅमची पोर, काचेच्या पेटीत. गोराईहून तिचा बाप कॉस्मस आला होता, अंगाला अजून मासळीचा वास. तू त्याला खरं ते सांगितलंस, की रात्र निघेल याची खात्री नाही. फादर यायला वेळ होता, म्हणून त्याने माझ्याकडे वळून विचारलं, सिस्टर, तुम्ही बाप्तिस्मा द्याल? अशा वेळी कुणीही देऊ शकतं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. पण माझा हात असा थरथरत होता की सिरिंजमधलं पाणी चादरीवरच पडलं. तेव्हा तू माझं मनगट धरलंस. तिच्या कपाळावर पाणी पडलं, मी नाव उच्चारलं, आणि पाणी पडून गेल्यावरही तू हात सोडला नव्हतास. मी तुझ्या प्रेमात कधी पडले असं कुणी विचारलं तर वेळसुद्धा सांगेन, केसपेपरवर मीच लिहिली आहे.

पोर जगली. गोराईच्या चर्चमध्ये तिचा राहिलेला विधी झाला, तेव्हा कॉस्मसने हट्टाने तुला धर्मबाप केलं आणि मला धर्मआई. मी नवी साडी नेसले होते, तू माझ्याकडे बघत होतास हेही मला कळत होतं. घरी परतताना आत्या म्हणाली, “बरं झालं. आता तुम्ही दोघं एका लेकराचे देवासमोरचे आईबाप, म्हणजे भाऊबहिणीसारखे. तुमच्यात आता लग्न होत नाही.” तिच्या आईने तिला असंच सांगितलं होतं. आई गेल्यावर मला या बाईने वाढवलं, रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन रोझरीचा जप शिकवला. तिचं खोटं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

आणि तू विचारलंस तो आठवडा आठव. ॲश्ली न्यूमोनियाने परत आली होती. मला वाटलं, मी हो म्हणाले तर देव तिला घेऊन जाईल. तुला नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. झालं, माझी खात्रीच पटली. औषधं तूच देत होतास, हे या शहाण्या नर्सच्या डोक्यात शिरलंच नाही.

फादरना विचारायला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही, कारण त्यांनीही मनाई आहे म्हटलं असतं तर मग काहीच उरलं नसतं. न विचारण्यात थोडी आशा होती, तिच्यावर मी आठ महिने काढले. काल शर्मिष्ठाने बातमी दिली आणि ड्युटी संपल्यावर मी युनिफॉर्मवरच फादरकडे गेले. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, “असा नियम आज चर्चमध्ये नाही, बाळा. माझे धर्मआई-धर्मबाप माझ्या बाप्तिस्म्याला भेटले आणि दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं.” मी तिथेच बाकावर बसून रडले, मग हसले, मग स्वतःचा असा राग आला की देवाचे आभार मानायचेही राहून गेले. ते घरी येऊन मानले. आत्याला समजावायचं काम फादरवर सोपवलंय, माझी हिंमत नाही.

हे पाकीट कॉस्मस आणून देईल. वॉर्डची चिकटपट्टी लावलीय, तेव्हा त्याने वाचलेलं नाही. आत दुसरा एक कागद आहे, चर्चच्या ऑफिसातला लग्नाचा फॉर्म. माझी बाजू भरली आहे, तुझी कोरी आहे. तो दिला की तीन रविवार आपली नावं वाचली जातील आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतील. माझी एकटीची होती, ती मी मागे घेतली. तुला आता नको असेल तर फॉर्म तसाच परत पाठव, मी कारण विचारणार नाही. नंदुरबारला जाऊ नकोस असंही म्हणत नाही. मेट्रनकडून चौकशी केलीय, तिथे बाळांच्या वॉर्डला नर्स मिळत नाहीये. सोमवारी करारावर जरूर सही कर नेव्हिल, फक्त त्याआधी माझ्या कागदावर कर.

तू धरलंस त्या हाताने लिहिणारी, तुझीच,
इनेझ