घराचा ताप

प्रिय अनया,

मेसेज न करता कागदावर लिहितोय, कारण रागात पाठवलेला मेसेज मी लगेच डिलीट करतो, हे तुला पाठ आहे. कागदाला ती सोय नाही. बातमी आधी सांगतो: इथल्या, कॅरीतल्या तुमच्या घराला सर्टिफिकेट मिळालं आणि तुझ्या बाबांनी ते फ्रिजवर लावलंय, तुझ्या ग्रॅज्युएशनच्या फोटोशेजारी.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी गिरिजाताईंच्या हाताखाली आहे. घर विकायच्या आधी ते वीज किती खातं हे मोजून त्या एनर्जी रेटिंग देतात, मी पंखा उचलतो. तो दारात बसवून घरातली हवा बाहेर खेचायची, की जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा शिट्टी मारत आत येते. तुझ्याजवळ, तिकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहायला यायचं म्हणून चारुदत्तकाकांनी घर विकायला काढलं आणि रेटिंगला बोलावलं नेमकं आम्हालाच. "अरे, पंखेवाला तू?" एवढंच म्हणाले. सुमेधाकाकूंनी चहा दिला, आणि फट शोधायची धुराची कांडी मी विसरलो होतो म्हणून देवघरातली उदबत्तीही. ती घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरतोय, तर काका मागून म्हणतात, "घंटा पण देऊ का?"

रेटिंग आलं एकशे अठ्ठावीस. गिरिजाताईंनी रिपोर्ट ईमेल केला, आणि काकांनी तो न वाचता नुसता आकडा पाहिला. शनिवारच्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात ते सगळ्यांना सांगत होते, "आमच्या घराला शंभरातले एकशे अठ्ठावीस! बोनस धरून!" काकू पेढे वाटत होत्या. आणि मी, यार, पेढा तोंडात धरून गप्प उभा. गप्प राहिलो असतो तर तो आकडा बघून गिऱ्हाईकं पळाली असती, घर पडून राहिलं असतं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तू इथेच आली असतीस. घर विकलं की कॅरीला यायचं तुला कारणच काय? पण इतक्यात मंडळाचे अतुलकाका मला बघून म्हणाले, "शिक, जरा मार्क मिळवायला शिक." मग माझं डोकं सटकलं. मी ओरडलो, "हे मार्क नाहीत, हा ताप आहे! कमी असेल तितका चांगला! शंभर म्हणजे साधं नवं घर, तुमचं त्याच्याहून जास्त वीज खातं!"

वाटलं, संपलं आपलं. पण दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: "मग उतरव ना ताप. नुसता ओरडतोस काय?"

त्यानंतरचे माझे सगळे रविवार तुमच्या माळ्यावर गेले. एसीचे पाइप सांधले, वर जाड इन्सुलेशन पसरलं. काका खालून टॉर्च धरायचे आणि सूचना द्यायचे. दोन्ही चुकीच्या दिशेने. सगळ्यात मोठी फट कुठे होती माहितेय? तुझ्या खोलीत, कपाटाच्या वर, माळ्यावर जायच्या झाकणाला. उदबत्तीचा धूर तिथे थेट माझ्या तोंडावर आला. तू जानेवारीत मोज्यांवर मोजे घालून अभ्यास करायचीस आणि आम्ही तुला नाजूक म्हणून चिडवायचो. नाजूक तू नव्हतीस गं, झाकण होतं. ते मी मुद्दाम सगळ्यात शेवटी बंद केलं, खोटं कशाला बोलू.

गिरिजाताईंनी पुन्हा मोजलं: सत्त्याण्णव. मार्क कमी झाले म्हणून काका आयुष्यात पहिल्यांदा नाचले. पेढे पुन्हा आले, या वेळी पहिला मला. परवा घर विकलंही गेलं.

मी निघताना काका दाराशी थांबले. बुटांकडे बघत म्हणाले, "फ्रीमाँटला अनयाचं टाउनहाऊस जुनं आहे म्हणे. खिडकीतून वारा येतो, अशी तक्रार असते तिची. बघणारं कोणी ओळखीचं आहे का रे तुझ्या?" आणि तुझा पत्ता त्यांनीच, स्वतःच्या अक्षरात, लिहून दिला. म्हणून हे पत्र. येऊ का? पंखा मी आणतो. उदबत्ती आहे ना तुझ्याकडे?

तुझाच, अजूनही तापलेला,
सौमित्र