बाबांच्या टेबलाचं थ्री-डी मॉडेल

४, सोमवार

धाकटीचा फोन. नव्या घरात तिला जास्तीची खोली मिळाली आहे, म्हणून बाबांचं टेबल हवं. बाबांनी त्यावर चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. ते गेल्यावर टेबल माझ्याकडे आलं, कारण मी थोरली आहे आणि आमच्याकडे लिफ्ट आहे. तिला स्पष्ट सांगितलं, टेबल हलणार नाही. मी त्याचं थ्री-डी मॉडेल करून पाठवते. फोनने चारी बाजूंनी फोटो काढले की प्रोग्राम त्यांतून अख्खी वस्तू उभी करतो, लाकडाच्या पोतासकट. स्क्रीनवर फिरवून बघत बस म्हटलं.

ती हसली. म्हणाली, "ताई, सुरीचा चरा न् चरा दिसला पाहिजे. सरसाचा डाग न् डाग. चोवीसला येऊन बघते. नाही जमलं तर टेम्पो घेऊनच येते."

मान्य केलं. चार दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांत पोहायला शिकावं म्हणते.

७, गुरुवार

अकरा फोटो काढले. नेमके आणि पुरेसे. सून एका फर्निचर कंपनीत अशीच मॉडेलं करते. ती म्हणाली, "आई, निदान ऐंशी लागतील. प्रत्येक फोटोत मागच्याचा थोडा भाग यायला हवा." या पिढीला उधळपट्टीशिवाय काही करता येत नाही.

मॉडेल तयार झालं. चुरगळलेला रुमाल दिसतो. प्रोग्राम कच्चा असावा.

९, शनिवार

चौऱ्याऐंशी फोटो. (सुनेमुळे नाही. मलाच वाटलं.) मागची बाजू उजेडात यावी म्हणून मध्येच टेबल फिरवून घेतलं. मॉडेलला सात पाय आले. सून म्हणाली, टेबल हलवायचं नसतं, आपण त्याच्याभोवती फिरायचं असतं. या घरात चौतीस वर्षांत मी कशाहीभोवती फिरलेले नाही.

आमचे हे पेपरच्या आडून हसले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, ठसका लागला.

११, सोमवार

कारण सापडलं. मळ.

टेबलावर सरसाचे काळे डाग, शाईचे ओघळ, सुरीचे शेकडो चरे आणि त्यांत बसलेली घाण. कॉम्प्युटर गोंधळणार नाही तर काय? तोंड न धुता कुणी फोटोला बसतं का? उद्या पॉलिशवाल्याला बोलावलं आहे. सुनेला विचारायची गरज वाटली नाही.

१२, मंगळवार

पॉलिशवाला मंद आहे. दोनदा विचारलं, "बाई, सगळं घासून काढू? जुन्या कामाच्या खुणा दिसतायत." म्हटलं, खुणांचाच फोटो काढायचा आहे, त्या स्वच्छ नकोत का? मग त्याने चऱ्यांत लांबी भरून ते बुजवले, काचकागद मारला, पॉलिशचे तीन हात दिले. टेबल आरशासारखं झालं आहे. बाबांनीसुद्धा इतकं चांगलं कधी पाहिलं नसेल.

फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून आधीचे सगळे घाणेरडे फोटो पुसून टाकले.

१४, गुरुवार

एकशे बारा फोटो. प्रोग्राम दोन तास चालला. टेबलाच्या जागी खड्डा आला आहे आणि खड्ड्याच्या तळाशी छताचा पंखा. मागे खुर्चीत हे झोपले होते, ते मात्र हुबेहूब आले. शर्टाची चौकट न् चौकट मोजता येते.

सून ऑफिसातून आली आणि टेबलासमोर उभीच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, डाग आणि चरे होते म्हणून तर प्रोग्रामला टेबल ओळखता येत होतं. चकचकीत वस्तूत त्याला धरायला काही मिळत नाही." मग एकदम म्हणाली, "पण शनिवारचे फोटो आहेत ना? त्यांतून मी काढून देते."

मी चहा ठेवायला उठले.

१७, रविवार

सून बोलत नाही, पण उपाय सांगते. टेबलावर पावडर शिंपडा म्हणाली, चमक मरते. अख्खा डबा संपवला. मॉडेल उत्तम! चार पाय, सरळ कडा. पांढरं शुभ्र. धाकटीला पाठवून खाली लिहिलं: हुबेहूब.

तिचं उत्तर: "कुणाचं?"

२०, बुधवार

ठरवलं. मॉडेलवर कॉम्प्युटरमध्ये रंगवता येतं. डाग आणि चरे मीच काढीन. कॉलेजात माझी चित्रकला बरी होती.

माऊस धरून बसले. सरसाचं भांडं कुठे असायचं? डावीकडे घेतलं, मग उजवीकडे. सुरीचे चरे आडवे होते की तिरके? ह्यांना विचारलं. म्हणाले, "मला काय माहीत? तुझे बाबा, तुझं टेबल." टेबल अकरा वर्षं माझ्या घरात आहे. त्यावर मी कायम टेबलक्लॉथ घातला.

धाकटी शाळेतून आली की तिथेच बसून पानांना सरस लावायची. तिला सगळं आठवत असणार. तिला विचारणं बरं दिसणार नाही.

२२, शुक्रवार

अंदाजाने बावीस चरे काढले. मांजराने ओरबाडल्यासारखे दिसतात. पुसले.

२४, रविवार

धाकटी आली, दोन हमाल आणि टेम्पोसकट. मॉडेल दाखवायला गेले तर म्हणाली, "राहू दे, खरं टेबल बघते." मी टेबलक्लॉथ काढला. तिने डोळे मिटून टेबलावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी थांबली. "इथे खळगा होता. बाबांचा कोपर टेकून टेकून झालेला." तिथे तिने आपला कोपर ठेवला. मग उचलला.

म्हणाली, "ताई, हे तुझंच आहे. ठेव." चहा न घेता गेली. हमाल लिफ्टसमोर एकमेकांना विचारत होते, मग आपल्याला बोलावलं कशाला?

एकूण टेबल माझ्याकडेच राहिलं. ठरवलं होतं तसंच झालं.

आज पहिल्यांदाच त्यावर लिहायला बसले आहे. वही घसरते. खाली पेपर घातला. आता कोपर घसरतो.