पन्नासावा सदस्य

राजोडी, मंगळवार

चि. शांताराम,

तुला आणि सौ. प्रेमलताला ताईचे आशीर्वाद. (तिला थोडे जास्त. तुझ्याबरोबर डहाणूत राहायचं म्हणजे लागतातच.) नवी कवळी बसली का? की अजून डबीतच ठेवून हिरड्यांनी जेवतोस? प्रेमलताची साखर कशी आहे? माझी तब्येत उत्तम. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय. म्हटलं, यंदा वाडीत दुसरं काही धड पिकत नाही, तो तरी पिकू दे. फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून चौथीच शिकलेली असून पेन हातात धरलं. आमची नात ज्ञानदा म्हणाली, आजी, मी टाईप करून देते. पण ती टाईप करताना माझी वाक्यं सभ्य करते, म्हणून नको म्हटलं.

तर कारण असं, की माझ्या वाडीमागचं बावखल बुजवायला घेतलंय. तेच गोड्या पाण्याचं तळं, ज्यात तू सुट्टीत आलास की म्हशीसारखा तासन्‌तास पडून असायचास. त्याच्याच पाण्यावर माझी केळी, अळू, मोगरा आणि शेजारच्या व्हेरोनिकाची दुधी-पडवळं उभी आहेत. ते बुजलं की विहिरीत खारं पाणी चढणार, आणि मग वाडीत फक्त बिल्डिंग उगवते. महिन्यापूर्वी सकाळी सातला एक डंपर आला आणि पाडलेल्या बिल्डिंगचं राबिट भसकन्‌ पाण्यात ओतून गेला. दुसऱ्या दिवशी दोन आले. मी आणि व्हेरोनिकाने घमेली घेऊन हाताने दगड काढायला सुरुवात केली, तर बुलेटवरून एक गॉगलवाला आला. म्हणाला, जागा वादातली आहे, हात लावाल तर केस होईल. (राबिट टाकायला वाद नाही, उचलायला वाद.) डंपरच्या काचेवर बघितलं तर पक्षाचं चिन्ह आणि खाली जयवंतचा नमस्कार करतानाचा फोटो. हा जयवंत आमचा प्रभाग अध्यक्ष. पडक्या बिल्डिंगांचं राबिट उचलून नेण्याचा धंदा त्याचाच, आणि कुठेतरी टाकावं लागतं ना बिचाऱ्याला.

पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र तुला पोचेपर्यंत नाव, झेंडा किंवा जयवंत यातलं एक तरी बदललेलं असेल आणि मला खाडाखोड आवडत नाही. तुझा पक्ष नाही, एवढं समज.

कचेरीत तीन अर्ज दिले. तिथल्या माणसाने तिसऱ्या वेळी चष्म्यावरून बघत विचारलं, आजी, तुमच्या पाठीशी कोण आहे? मी वळून बघितलं तर व्हेरोनिका होती आणि ती माळेचे मणी ओढत होती. तो म्हणाला, असं नाही, पक्षाचं कोण? परत येताना रिक्षात व्हेरोनिकाने डोकं चालवलं. (ती वर्षातून एकदा चालवते, पण चालवते.) म्हणाली, मनोरमाबाय, आपणच त्यांच्या पक्षात गेलो तर? आपल्याच माणसाच्या बावखलात कोण राबिट टाकेल? मला पटलं. तुला राजकारण किती कळतं हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते, मला त्याहून कमी कळत होतं.

सदस्य होणं फार सोपं आहे रे. एका नंबरावर फोन लावायचा, घंटी वाजते, ते लोक आपणहून कापतात, आणि मेसेज येतो, अभिनंदन, आपण सदस्य झालात. रेशनकार्डावर नाव चढवायला मला दीड वर्ष लागलं होतं, देश चालवायला अर्धा मिनिटही लागलं नाही. मी मेसेज घेऊन डंपरसमोर उभी राहिले. ड्रायव्हरने तो वाचला, आपला फोन काढला आणि स्वतःचा मेसेज दाखवला. तोही सदस्य. मग त्याने राबिट ओतलं.

माणिकपूरला जयवंतच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, आजी, मिस्ड कॉलवाल्यांना कोण विचारतं? रीतसर प्रवेश घ्या, साहेब येणार आहेत. मी विचारलं, आता जी बाई आत आहे तिला परत आत कसं घेणार? तो म्हणाला, फोटोसाठी. गेलो. साहेब अडीच तास उशिरा आले, तोवर आम्हाला वडापाव दिला. (पाव कालचा, वडा त्याच्याही आधीचा.) आम्ही बायका चौदा. त्यातल्या सहा जणी तर जयवंत या पक्षात यायच्या आधीपासून इथे होत्या, आणि दोघी स्टेजच्या एका बाजूने चढून, दुसऱ्या बाजूने उतरून, परत रांगेत लागत होत्या. साहेबांनी सगळ्यांच्या गळ्यात उपरणं घातलं आणि दारात जयवंतच्या माणसाने सगळ्यांची परत घेतली, पुढच्या आठवड्यात भुईगावला लागणार म्हणून. व्हेरोनिकाचं मात्र मिळालं नाही. तिने ते पिशवीत तळाशी, भोपळ्याखाली दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी बातमी, शेकडो महिलांचा जाहीर प्रवेश. त्याच सकाळी तीन डंपर.

परत ऑफिस. या वेळी मी चप्पल बाहेर काढली नाही. जयवंतने मला खुर्ची दिली आणि समजावलं, की आजी, सदस्य दोन प्रकारचे, साधा आणि सक्रिय. साध्याने टाळ्या वाजवायच्या. सक्रिय व्हायचं तर आपण पन्नास माणसं सदस्य करून आणायची. मग प्रभागाच्या बैठकीत बसायला मिळतं आणि पक्षाच्या नावाने कार्यक्रम घेता येतो. कुणाची परवानगी लागत नाही, फक्त बॅनरवर प्रभाग अध्यक्षाचा फोटो सगळ्यात मोठा पाहिजे. हे शेवटचं ऐकलं आणि मी मुकाट्याने पन्नास अर्ज उचलले. अर्जात एक ओळ होती, पक्षाची विचारधारा मान्य आहे काय. मी विचारलं, जयवंत, ती काय ते सांग, म्हणजे मान्य करते. तो मोबाईल वर-खाली करत राहिला, मग म्हणाला, रेंज नाहीये. बाजूचा म्हातारा कार्यकर्ता हळूच म्हणाला, बाई, हा याचा तिसरा पक्ष, त्याला जरा आठवू द्या. मी खूण करून टाकली.

पन्नास माणसं गोळा करणं म्हणजे लग्नाची पंगत उठवण्यापेक्षा अवघड. भजनी मंडळाच्या अकरा जणी पहिल्याच दिवशी आल्या, कारण त्यांना वाटलं सहल आहे. व्हेरोनिकाने चर्चच्या गायनातल्या नऊ जणी आणि तिचा आल्बर्ट आणला. (आल्बर्टने सही केली आणि मग विचारलं, कशावर?) बाजारात भाजीच्या टोपलीशी बसून मी गिऱ्हाइकांना सदस्य केलं, अर्ज भरला तर एक जुडी अळू वर. पण खरी अडचण पुढेच. अर्ज भरला की त्या माणसाच्या फोनवर सहा आकडे येतात, ते जयवंतच्या माणसाला सांगायचे. आणि इथे बँकेने बारा वर्षं सगळ्यांच्या डोक्यात घातलंय, की आकडे नवऱ्यालाही सांगू नका. गायनातली इझाबेल तर फोन ओढणीत गुंडाळून पळाली. व्हेरोनिकाचं उलटं झालं. तिने पक्षाचा आकडा गॅसवाल्याला सांगितला आणि गॅसचा आकडा पक्षाला. गॅसवाला म्हणाला, आकडा चुकीचा, आणि सिलेंडर परत घेऊन गेला. दोन दिवस तिने चुलीवर रांधलं. तिसऱ्या दिवशी तिचं सदस्यपत्र आलं, सिलेंडर अजून यायचाय.

तरी आजपर्यंत एकोणपन्नास झाले. जयवंतची भाषा बदललीय. आधी मी आजी होते, तीस झाले तेव्हा मनोरमाताई झाले, परवापासून आई. डंपर चार दिवस आलेले नाहीत. पण आलेलं राबिट तसंच आहे. एक कोपरा पार बुजलाय, तीनातले दोन भाग पाणी शिल्लक आहे आणि त्यातले मासे सगळे एका बाजूला गोळा झालेत, अगदी आमच्या प्रवेशाच्या रांगेसारखे. जयवंत म्हणतो, आई, आपण तिथे सुशोभीकरण करू. बाकडी, लाद्या, माझ्या नावाची पाटी. म्हटलं, बाबा, आधी त्याला ओलं राहू दे.

असो. फार लिहिलं. हात दुखला. प्रेमलताला सांग, पाठवलेलं लोणचं खारट होतं, पण संपलं. पोरांना आशीर्वाद.

तुझी मोठी बहीण,
मनोरमा

ता. क. : पन्नासावा मिळत नाहीये. गावात जे उरलेत ते एक तर तुझ्या पक्षाचे आहेत किंवा मेलेत. (मेलेले तीन जण जयवंतच्या यादीत आधीच आहेत, ते मला घेता येत नाहीत.) म्हणून तुझा अर्ज मी भरलाय. चाळीस वर्षं तू एकाच पक्षात आहेस, कधी हललास नाहीस, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते. आता आठ दिवस हल. शुक्रवारी सकाळी अकराला तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला सांग. विचारधारेवर मी तुझ्या वतीने खूण केलीय, त्याचा त्रास करून घेऊ नकोस.

ता. क. दुसरा : कशासाठी ते लिहायचं राहिलं. रविवारी सकाळी सातला माझा पहिला कार्यक्रम आहे. बॅनर ज्ञानदाने छापायला दिलाय. 'प्रभाग अध्यक्ष जयवंतभाऊ यांच्या संकल्पनेतून बावखल सफाई श्रमदान.' फोटो मागितला तर त्याने अकरा पाठवले, कार्यक्रम कसला ते विचारलंच नाही. वर साहेबांना नारळ फोडायलाही बोलावून बसलाय. आता साहेबांसमोर आपलंच राबिट आपल्याच नावाने बाहेर निघताना त्याला टाळ्या वाजवाव्या लागतील. आणि राबिट न्यायला त्याचेच डंपर मागितलेत, पक्षकार्य म्हणून. पन्नासावा झाला नाही तर मी साधीच राहीन, बॅनर उतरवतील आणि सोमवारी परत सात वाजता डंपर येतील. म्हणून तू आकडे सांग आणि येताना फावडं आण. तुझ्या पक्षाची टोपी घरी ठेव.

ता. क. तिसरा, बुधवार सकाळ : पाकीट बंद करणार तेवढ्यात प्रेमलताचा फोन आला. जयवंतच्या माणसाने घाई करून अर्ज आजच चढवला. तू अंघोळीला गेला होतास, फोन ओट्यावर होता, त्या माणसाने माझं नाव सांगितलं आणि आकडे तिने त्याला वाचून दाखवले. अभिनंदन. चिडू नकोस, बावखल मोकळं झालं की दोघंही राजीनामा देऊ. त्याचा अर्ज मी ऑफिसात आधीच मागून बघितला. तो छापतच नाहीत म्हणे, लोक नुसते जातात.