बारा जणींची देखरेख

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? दोन वर्षांनी माझं पत्र पाहून तू आधी दचकशील, मग चष्मा शोधशील, मग चिडशील. चीड खुशाल, पण पुढे वाच.

बातमी अशी, की मी सुपरवायझर झाले! शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बारा जणी आता माझ्या हाताखाली आहेत. नेमणुकीच्या कागदात एकच इंग्रजी क्रियापद पुन्हा पुन्हा आलेलं, 'सुपरवाइज'. ह्यांनी शब्दकोश काढला. 'देखरेख करणे, काम नीट होते आहे ना, हे पाहणे.' खाली उदाहरण: शिक्षक परीक्षा सुपरवाइज करतात. हे म्हणाले, "म्हणजे पेपर आपण लिहायचा नाही, कळलं?" मी म्हटलं, त्यात काय एवढं!

पहिल्याच दिवशी फजिती. एकीच्या कॉलरचं टोक वाकडं दिसलं, ते मी हातातून ओढून उसवलं आणि स्वतःच शिवलं. मग दुसरीचं. दुपारपर्यंत मी घामाघूम, आणि बाराही जणी निवांत गप्पा मारतायत. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या मावशी म्हणाल्या, "चालू दे हो बाई, आमचं लक्ष आहे तुझ्यावर!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पोट धरून.

दुसऱ्या दिवसापासून नुसती मागे उभी राहते, विचारलं तरच बोलते. किती अवघड आहे गं ते! जीभ सारखी वळवळते.

तेव्हा तू आठवलीस. मला मशीन शिकवताना तू अशीच मागे उभी असायचीस. दोरा दहादा तुटला, पण माझ्या हातातलं कापड तू कधी काढून घेतलं नाहीस. आणि माझा संसार लावून द्यायला आलीस, तेव्हा मी काय म्हणाले? "पाळत ठेवायला आलीस का?" तू संध्याकाळचीच गाडी धरलीस. पाळतीला कोशात वेगळंच क्रियापद आहे, ताई. चुकलं माझं. फार चुकलं.

पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, ते आता लिहिते. मला सातवा महिना लागलाय. इतके दिवस कळवायचं धाडस झालं नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय आनंद पुरा वाटत नव्हता. डॉक्टरबाईंनी वीस एप्रिल सांगितली आहे. तू दहालाच ये. साचलेलं भांडायला दहा दिवस तरी हवेतच, बाळासमोर ते बरं दिसायचं नाही.

वाट पाहणारी,
तुझीच धाकटी